गुडघे टेकायच्या चाळीस उशा

पाळकसाहेबांच्या हातून त्या महिन्यात चार वस्तू पडल्या, आणि चारही तिने मोजल्या होत्या.

पहिल्या रविवारी गीतांचं पुस्तक. दुसऱ्या रविवारी चष्मा. तो खरं तर दोनदा पडला, पण दुसऱ्या वेळी नाकावरून घसरला होता, त्यात हातांचा दोष नव्हता, म्हणून तिने तो धरला नाही. तिसऱ्या रविवारी दानपात्राचं झाकण. ते फरशीवरून गिरक्या घेत तिसऱ्या बाकाखाली गेलं आणि तिथे इतका वेळ खणखणत राहिलं की चालू प्रार्थना थांबवावी लागली. आणि चौथ्या रविवारी, उपासनेनंतरच्या चहाला, बिस्कीट.

"बिस्कीट कुणाच्याही हातून पडतं गं," नवरा म्हणाला.

"चहात पडलं असतं तर मी धरलंच नसतं. ते चहापर्यंत पोचलंच नाही."

पाचवी वस्तू तिची मुलगी असणार होती.

म्हणजे वस्तू नव्हे. आठ महिन्यांची, साडेआठ किलोंची, गालांपुढे मान अजिबात न दिसणारी, घरीदारी 'ढब्बू' म्हणून ओळखली जाणारी तिची मुलगी. येत्या रविवारी ढब्बूचा बाप्तिस्मा होता. त्यांच्या मंडळीची जुनी पद्धत अशी, की आई बाळ पाळकांच्या हातात देते, पाळक एका हाताने बाळ धरतात, दुसऱ्या हाताने कुंडातलं पाणी त्याच्या डोक्यावर घालतात, आणि मग बाळाला उंच धरून सगळ्या मंडळीला दाखवतात. उंच! दगडी कुंडाशेजारी, दगडी फरशीवर! पाळकसाहेबांनी चाळीस वर्षं हे केलं होतं. तिलाही त्यांनीच असं उंच धरलं होतं, पण तेव्हा त्यांचे हात थरथरत नव्हते. थरथर सुरू झाली गेल्या वर्षी, आणि वाढतच गेली. आता पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते, आणि त्यांनी मुद्दाम निरोप धाडला होता, की ढब्बूचा बाप्तिस्मा माझ्या हातचा शेवटचा, तेवढा मला करू द्या.

घरात तिला 'काळजीवाहू सरकार' म्हणत. पदवी नवऱ्याने दिली, सासूबाईंनी कायम केली. तिचं तिलाही कळत होतं, पण इलाज नव्हता. ढब्बू जन्मली तेव्हा पहिली दोन मिनिटं रडली नव्हती. समोर भिंतीवर घड्याळ होतं, आणि सेकंदकाटा दोनदा पूर्ण फिरताना तिने पाहिला होता. मग ढब्बू रडली. इतकी रडली की दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कानात बोटं घातली. त्यानंतर आजतागायत तिचं सगळं ठणठणीत होतं. पण ते घड्याळ काही आईच्या डोक्यातून उतरलं नाही. तेव्हापासून ती मोजत होती. श्वास, शिंका, चमचे, जिन्याच्या पायऱ्या.

विश्वास नव्हता असं मुळीच नाही. सकाळ-संध्याकाळ ती न चुकता प्रार्थना करायची. फक्त तिची प्रार्थना म्हणजे परगावी जाताना शेजारणीला घराची किल्ली देऊन सांगतात ना, तशी असायची. 'हे प्रभू, ढब्बूला सांभाळ. खिडकी लावली आहे, पण कडीचा खालचा खिळा सैल आहे, तेवढं बघ. पांघरूण तोंडावर येऊ देऊ नकोस. आणि मांजर.' मांजराबद्दल नेमकं काय करायचं ते ती सांगत नसे. प्रभूला कळेल एवढा भरवसा होता. आमेन झालं की ती उठून खिडकी बघून यायची. प्रभूवर अविश्वास नव्हता. खिळ्यावर होता.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी तिने विषय काढला.

"मी काय म्हणते, ढब्बूला मीच धरलं तर? पाळकसाहेबांनी नुसतं पाणी घालावं."

सासूबाई पावाला लोणी लावत होत्या. सुरी जागच्या जागी थांबली. "मग पाळक तरी कशाला हवेत? न्हाणीघरात नळाखाली धर की. तिथे पाणी गरमही येतं."

"आई, त्यांचे हात बघितलेत ना तुम्ही?"

"बघितलेत. त्याच हातांनी माझं लग्न लावलं, ह्याचा बाप्तिस्मा केला, ह्याच्या बाबांना माती दिली. एकदाही कुणी खाली पडलं नाही."

"बाबांना सहा जणांनी धरलं होतं, आई," नवरा म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मग पुढच्या महिन्यात करू," ती म्हणाली. "नवीन पाळक येतायत. तरुण आहेत म्हणे."

"तीनदा पुढे ढकललंस. एकदा सर्दी, एकदा दात, एकदा म्हणे हवा कुंद आहे. अशाने पोरगी स्वतःच्या पायांनी चालत जाईल बाप्तिस्म्याला, आणि वर पाळकांनाच उंच धरेल."

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. जगातला कुठलाही प्रश्न तो शेवटी लिफ्टवर नेऊन ठेवायचा. "हे बघ," तो म्हणाला, "लोकांना वाटतं, दोर तुटला की लिफ्ट खाली. तसं नसतं. लिफ्टच्या बुडाला लोखंडी जबडे असतात. ती भलत्या वेगाने खाली यायला लागली की ते जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना कचकन् चावतात. जेवढी जोरात पडायला जाईल तेवढे घट्ट आवळतात. जागच्या जागी थांबते."

"पाळकसाहेबांना जबडे आहेत?"

नवऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नाहीत."

"मग?"

"मग काय. चहा दे अजून."

बुधवारी दुपारी ढब्बू झोपल्यावर, तिला अकरा सूचनांसह सासूबाईंच्या हवाली करून, ती पाळकसाहेबांच्या घरी निघाली. निघण्याआधी तिने एका अभ्र्यात साडेआठ किलो पीठ भरलं, त्याचं तोंड शिवलं आणि ते गाठोडं ढब्बूच्या शालीत गुंडाळलं. वजन काट्यावर बरोबर केलेलं होतं. वरच्या बाजूला दोरा आवळून तिने मानसुद्धा काढली होती, जी खुद्द ढब्बूला नव्हती.

रस्त्यात दोघी ओळखीच्या भेटल्या. पहिलीने लांबूनच पाहिलं आणि "झोपलीय वाटतं" म्हणून आवाज खाली केला. दुसरीने वाकून शालीत डोकावलं. मग ती कोपऱ्यापर्यंत वळून वळून बघत गेली.

दार पाळकीणबाईंनी उघडलं. "अगंबाई, ढब्बू आली! आण बघू इकडे." त्यांनी शालीचं टोक बाजूला केलं. मग दोघी थोडा वेळ आतल्या ऐवजाकडे बघत उभ्या राहिल्या.

"पीठ आहे, काकू," ती म्हणाली.

"दिसतंय गं. पण आहे आमच्याकडे घरात."

पाळकसाहेब आतल्या खोलीत टेबलाशी बसले होते. तिने वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी, मग हवापाणी, मग मंडळीवरचे त्यांचे उपकार, आणि अगदी शेवटी, जाता जाता, 'सराव' हा शब्द. प्रत्यक्षात दारातच तोंडून निघालं, "सरावाला आणलंय."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, गाठोड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं उमगलं. ते हसू लागले. "कुणीतरी हा विषय काढणार हे मी धरूनच चाललो होतो, पोरी. वाटलं होतं, चर्चच्या वडीलमंडळींपैकी कुणी येईल. पीठ येईल असं नव्हतं वाटलं."

"सांगा की तिला!" बाहेरून पाळकीणबाई ओरडल्या. "आठ दिवस उशी कडेवर घेऊन घरभर हिंडताय ते! काल मला म्हणतात, नाव सांग."

"कुणाचं?" तिने विचारलं.

"उशीचं!"

पाळकसाहेब उठले. गाठोडं त्यांनी अदबीने हातात घेतलं, जणू आत खरंच कुणी झोपलं होतं. हात थरथरत होते. दर थरथरीला अभ्र्यातून पिठाचा बारीक धूर निघत होता आणि काळ्या झग्यावर उतरत होता. तरी गाठोडं नीट होतं. त्यांनी प्रार्थनेचे शब्द म्हटले. मग उजवा हात सोडवून त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या वाडग्याकडे नेला, आणि डाव्या हातातून साडेआठ किलो पीठ सावकाश, कुणालाही न विचारता, खाली सरकलं.

धप्प.

शिवण उसवली. पांढरा ढग उठला. तो खाली बसला तेव्हा पाळकसाहेब गुडघ्यांपर्यंत पांढरे होते.

पाळकीणबाई झाडू घेऊन आल्या. पाळकसाहेबांनी तो त्यांच्या हातून घेतला आणि स्वतःच झाडू लागले.

"पिठाला हात नसतात," खाली बघत ते म्हणाले. "बाळ आपल्यालाही धरतं. पिठाचा तेवढा भरवसा नाही." मग झाडणं थांबलं. "हे तुला सांगतोय की स्वतःला, देव जाणे. खरं सांगू? मी घाबरलोय. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, भिऊ नका, भार देवावर टाका. आणि आता उशीला कडेवर घेऊन प्रार्थना करतोय. असं कर, ढब्बूला तू धर. मी नुसतं पाणी घालतो. मला वाईट नाही वाटणार."

हेच मागायला तर ती आली होती. आता फक्त 'बरं' म्हणायचं आणि शाल झटकून घरी जायचं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या भुवईवर पीठ होतं, आणि वाईट नाही वाटणार असं सांगताना ते झाडूशी बोलत होते.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हीच घ्या."

परतीच्या वाटेवर तिने स्वतःच्या जिभेला असं काही फैलावर घेतलं की सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. घरी सासूबाई रिकामा डबा उघडून उभ्या होत्या.

"पीठ कुठे गेलं?"

"पाळकसाहेबांकडे दिलं."

हे खोटं नव्हतं. केरात गेलं असलं तरी पाळकांच्याच केरात गेलं होतं.

"चांगलं केलंस," सासूबाई म्हणाल्या. वर्षभरातलं हे पहिलं कौतुक. तिला ते घशाखाली उतरेना.

शनिवारी चार वाजता ती चर्चमध्ये गेली. तिथे घंटाकाका मेणबत्त्यांचे खालचे थर खरवडत होते. घंटा वाजवणं, फरशी पुसणं, दारं लावणं ही सगळी त्यांचीच कामं. उभ्या जन्मात त्यांना कशाचं नवल वाटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, गुडघ्यांच्या उशा हव्यात."

बाकांवर बसणाऱ्यांना गुडघे टेकायला महिला मंडळाने तीन हिवाळे खपून या उशा शिवल्या होत्या. जाड, निळ्या, प्रत्येकीवर एक पांढरा मासा.

"किती?"

"किती आहेत?"

"चाळीस."

"चाळीस."

दोघांनी मिळून सगळ्या बाकांवरच्या उशा गोळा केल्या आणि कुंडाभोवती पसरल्या. एकीला एक लागून, मोकळी फरशी दिसणार नाही अशा. घंटाकाका दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी एकवार वर छताकडे पाहिलं.

"वरून कुणी उडी मारणार आहे का?"

"नाही हो काका. खबरदारी."

"कशाची?"

"सगळ्याचीच."

काकांनी विचार केला. "मग चाळीस पुरतील का?"

पण दिसायला ते दुकानात गाद्या मांडल्यासारखं दिसत होतं. पाळकसाहेबांच्या नजरेला पडलं तर त्यांना काय वाटेल? म्हणून मग मधल्या वाटेवरचा लांब गालिचा ओढून त्यांनी उशांवर अंथरला आणि कडा आत खोचल्या. आता काही कळत नव्हतं. गालिचा जरा बाळसं धरल्यासारखा दिसत होता, इतकंच. काकांनी त्यावरून सावकाश एक फेरी मारून पाहिली.

"नावेत उभं राहिल्यासारखं वाटतंय."

"पण पडला नाहीत ना?"

"मी नाही पडलो."

तिचं समाधान झालं. ढब्बू पडली तर कुठे पडेल, किती वेगाने, कुठल्या कुशीवर, याचा तिने चार दिवस सगळ्या बाजूंनी विचार केला होता. त्या विचारात फक्त ढब्बू होती. पहिल्या बाकाशी उभी राहून तिने हात जोडले. 'हे प्रभू, उशा घातल्या आहेत. कुंडाची कड मोकळी आहे, तेवढी तू बघ.'

"आमेन," काका म्हणाले. "ती कोपऱ्यातली जरा सरकवू का?"

रविवारी उपासना वेळेवर सुरू झाली. पापांची कबुली द्यायला मंडळी सवयीने गुडघ्यांवर गेली, आणि थेट दगडावर टेकली. सगळ्या चर्चभर एकदम "आई गं!" उमटलं. इतकी मनापासून कबुली त्या चर्चमध्ये कित्येक वर्षांत झाली नव्हती. महिला मंडळाच्या चिटणीसबाई अर्ध्या उठल्या. "माझ्या उशा?" त्यांची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आली. घंटाकाका छताकडे बघत राहिले.

मग पाळकसाहेबांनी आईबापांना पुढे बोलावलं.

ढब्बू पांढऱ्या झबल्यात होती आणि कुणाच्याही कानातलं ओढायच्या तयारीत होती. पाळकसाहेबांनी आधी बापाला विचारलं, "या बाळाला देवाच्या हाती सोपवतोस का?" नवऱ्याने लिफ्टच्या खड्ड्यातून वर हाक मारावी तशा आवाजात उत्तर दिलं, "हो! देवाच्या साह्याने!" मग तिला विचारलं. उत्तर तिला पाठ होतं, तीनच शब्द होते. ते घशात आले आणि तिथेच ठाण मांडून बसले. पाळकसाहेब थांबले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच घड्याळ आलं.

पाळकसाहेबांनी तिला अवघडू दिलं नाही. नुसते दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते.

तिने ढब्बू दिली. म्हणजे देत होती, पण बोटं सुटेनात. तेव्हा नवऱ्याने हळूच दोन बोटं सोडवली. पाळकसाहेब ढब्बूला छातीशी धरून कुंडाकडे वळले आणि त्यांनी गालिच्यावर पाऊल टाकलं.

पाऊल आत गेलं.

दुसरं पाऊल दोन उशांच्या फटीत गेलं. पाळकसाहेब डावीकडे झुकले, मग उजवीकडे, मग वाऱ्यावरच्या झाडासारखे दोन्हीकडे, आणि तेव्हाच तिला लख्ख कळलं की हे कुणी केलंय. ओरडायला वेळ नव्हता, धावायला वेळ नव्हता. आठ महिने तिने ढब्बूवरची नजर काढली नव्हती. झोपेतही तिचा एक डोळा अर्धवट उघडा असायचा, असं नवरा शपथेवर सांगायचा. आणि नेमकं आता तिने दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. प्रार्थना आली ती एकाच शब्दाची. 'प्रभू.' पुढे सूचना नव्हत्या. सुचल्याच नाहीत.

भस्सऽऽ असा मोठा आवाज झाला.

मग कुणीतरी अगदी जवळून खुदकन् हसलं. ते हसू तिने घरात हजारदा ऐकलं होतं.

तिने डोळे उघडले. पाळकसाहेब गालिच्यावर बसले होते, पाय फाकलेले, झगा तंबूसारखा पसरलेला. दोन्ही हात डोक्यावर ताठ वर, आणि त्या हातांत, सगळ्या मंडळीहून उंच, ढब्बू. एका मुठीत तिने झग्याची बाही पकडली होती. दुसऱ्या मुठीत पाळकसाहेबांचा चष्मा होता. या रविवारी तोसुद्धा पडला नव्हता. आणि पाळकसाहेबांचे हात दगडी खांबासारखे स्थिर होते.

"जबडे," नवरा तिच्या कानाशी पुटपुटला.

पाळकसाहेबांनी ढब्बूला सावकाश मांडीवर उतरवलं. ती नीट बसल्यावर मग हात पुन्हा थरथरू लागले, जणू मधल्या वेळात सुट्टीवर गेले होते. चार जण धावले तशी त्यांनी मान हलवली. "मी बरा आहे. मला कुठेही लागलेलं नाही. ही फरशी चाळीस वर्षांत इतकी मऊ कधी लागली नव्हती." त्यांनी हाताखालचा गालिचा चाचपून पाहिला, आणि त्यांची नजर सरळ तिच्यावर आली. पण ते म्हणाले इतकंच, "काका, पाणी इकडेच आणा. मी काही आता उठत नाही. आणि एक उत्तर राहिलंय. आई कुठे आहे?"

ती केव्हाच त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती. अख्ख्या चर्चमध्ये तेव्हा फक्त तिच्याच गुडघ्यांखाली उशी होती.

"या बाळाला देवाच्या हाती सोपवतेस का?"

तिने ढब्बूकडे पाहिलं. ढब्बू चष्मा खात होती.

"हो," ती म्हणाली. आवाज फाटका निघाला, पण निघाला. "देवाच्या साह्याने." आणि जीभ आवरायच्या आत पुढचं निघून गेलं, "फक्त मान धरा."

"आठ महिन्यांची झालीय ती!" मागच्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या, आणि सगळी मंडळी हसली. पाळकसाहेबांनी मात्र हसू दाबून, जिथे मान असायला हवी होती तिथे, नीट हात धरला.

थरथरत्या हातातलं पाणी तीन वेळा पडलं. थोडं ढब्बूच्या टाळूवर, थोडं आईच्या कपाळावर, थोडं घंटाकाकांच्या बुटांत. आता बाळाला उंच धरून दाखवायचं होतं.

"ते तर मघाशीच झालं," पाळकसाहेब म्हणाले. "सगळ्यांनी बघितलं ना?"

"बघितलं!" मंडळी म्हणाली.

सगळ्यांनीच बघितलं होतं. एक तिनेच नव्हतं.

चहाच्या वेळी चिटणीसबाईंनी गालिचा उचलून पंचनामा केला. "चाळीसच्या चाळीस! आणि या एकीची शिवण उसवलीय! कुणाचं डोकं हे?"

घंटाकाका पुढे सरले, पण तिने त्यांना बोलू दिलं नाही. "माझं."

मग मंडळीत तट पडले. नवऱ्याचं म्हणणं, उशा नसत्या तर पाळकसाहेब पडलेच नसते.

"आणि उशांशिवाय पडले असते तर?" सासूबाईंनी विचारलं. त्या तिच्या बाजूने उभ्या राहतील असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, त्यांच्याही नसावं.

"अगं पण पडलेच नसते ना, आई!"

"तुला काय कळतंय त्यातलं? तू लिफ्ट बघ."

"पाळकसाहेबांनाच विचारा," चिटणीसबाई म्हणाल्या.

सगळे तिकडे वळले. पाळकसाहेब खुर्चीत बसले होते, कप दोन्ही हातांनी धरून. त्यांनी बराच विचार केला. "बिस्कीट आणखी आहे का?" त्यांनी विचारलं. "माझं पडलं."

लोक पुन्हा वादाला लागल्यावर ती ढब्बूला कडेवर घेऊन त्यांच्यापाशी गेली. "माझ्यामुळे पडलात तुम्ही."

"हो," ते म्हणाले. "पीठवालीचंच काम आहे हे मी बसल्या बसल्या ओळखलं." मग कप खाली ठेवला. "पण एक सांगू? उशीबरोबर आठ दिवस माझं सगळं लक्ष हातांवर होतं, आणि हात काही ऐकेनात. आज पडताना हातांकडे बघायला वेळच मिळाला नाही. ते आपले आपणच आवळले गेले. माझेच होते का, तेही मला आता नक्की सांगता यायचं नाही."

"मी डोळे मिटले होते," ती हळूच म्हणाली. हे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"झालं तर मग!" पाळकसाहेब खूश झाले. "म्हणजे आपल्या दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि तरी पोरगी पडली नाही."

कडेवर ढब्बू तिच्या कानातल्याचा माग काढत होती.

तेवढ्यात चिटणीसबाईंचा निकाल आला. उसवलेली उशी घरी नेऊन शिवून आणायची, आणि बाकीच्या आत्ताच्या आत्ता जागच्या जागी ठेवायच्या. स्वतः!

तिने इकडे तिकडे पाहिलं. सासूबाई वादात होत्या. नवरा बुटातलं पाणी काढणाऱ्या घंटाकाकांना जबडे समजावून सांगत होता. पाळकीणबाई कप विसळत होत्या. तिने एक मोठा श्वास घेतला आणि ढब्बूला पाळकसाहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"जरा धरता का? उशा लावून येते."

पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, आणि मग हातांकडे बघायचं सोडून ढब्बूकडे. ढब्बूने त्यांची बाही घट्ट पकडली.

एकोणचाळीस उशा पाच खेपांत झाल्या. पहिल्या खेपेला तिने बाकांमधून मागे वळून पाहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेलाही पाहिलं. चौथ्या खेपेला विसरली. पाचव्या खेपेला ते लक्षात आलं, म्हणून दोनदा पाहिलं.